दमट हवेच्या गोव्यात जुनी डिझाइन मासिकं जमवताना

गोव्यात छापील कागद जपायचा तर पावसाळ्याचा विचार आधी आणि खरेदीचा नंतर. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या दिवसांत घरातली हवा ८० टक्क्यांहून जास्त दमट. १९५०-६० च्या दशकांतली उत्तम डिझाइन मासिकं ज्या गुळगुळीत आर्टपेपरवर छापली गेली, त्या कागदाला ही हवा अजिबात मानवत नाही. तरीही गोव्यातल्या माणसाने हा संग्रह करावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला कारण आहे.

झुरिकमध्ये १९४४ साली वॉल्टर हेर्डेग आणि वॉल्टर आमस्टुट्झ यांनी ‘ग्राफिस’ सुरू केलं. जगभरच्या जाहिरात-चित्रकारांनी पुढे अनेक वर्षं याच मासिकात एकमेकांचं काम पाहिलं. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, मूळचे मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल मुंबईत ‘दीपावली’ काढू लागले. मराठी घरांत मुखपृष्ठ ही पाहण्याची, जपून ठेवण्याची वस्तू झाली त्यात दलालांचा वाटा फार मोठा आहे. गोव्यातच जन्मलेले रघुवीर मुळगावकर हे त्याच काळातले दुसरे मोठे नाव. म्हणजे ‘ग्राफिस’ची सुरुवातीची वर्षं आणि आपल्या माणसांची उमेदीची वर्षं एकच आहेत. ही दोन्ही प्रकारची मासिकं एकाच कपाटात ठेवली की संग्रहाला अर्थ येतो, आणि नवशिक्याला खर्चही झेपतो.

आधी कपाट

पहिला अंक घेण्याआधी जागा तयार करा. आपल्याकडची जुनी घरं चिऱ्यांची. चिरा पाणी शोषतो आणि पावसाळाभर ते हळूहळू आत सोडत राहतो. त्यामुळे बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट ठेवायचं नाही. आतल्या भिंतीजवळ ठेवा, तिथेही वीतभर अंतर सोडा आणि सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वर घ्या. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि जिथे वर कौलं गळतात ती खोली, दोन्ही टाळा.

मग एक हायग्रोमीटर घ्या. हवेतली आर्द्रता दाखवणारं हे छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, आणि संग्राहकाच्या घरातली ही सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. साधारण ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशीला अनुकूल वातावरण मिळतं. कागदासाठी ३५ ते ५० टक्के उत्तम. आपल्या घरात पूर्ण खोली बारा महिने त्या पातळीवर ठेवणं महाग पडतं. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवला तर आर्द्रता सारखी वरखाली होते, कागद फुगतो, आकसतो, आणि मुखपृष्ठाच्या कडा वळू लागतात. म्हणून खोली कोरडी करण्याच्या मागे न लागता खोकं कोरडं करावं, असं माझं मत आहे.

झाकणाला रबरी पट्टी असलेले, घट्ट बंद होणारे पॉलिप्रॉपिलीनचे डबे मिळतात. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो. त्यांत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. रंग बदलणारं जेल घेताना निळं टाळा. त्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं. नारिंगी घ्या, ते ओलं झालं की हिरवं होतं. साधारण १२० अंश सेल्सियसला दोन-तीन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. त्यासाठी रोजच्या स्वयंपाकाची भांडी मात्र वापरू नका.

आता यातली खरी गोम. डबा केव्हा बंद केला यावर सगळं अवलंबून आहे. कागद स्वतःच हवेतलं पाणी धरून ठेवतो. जुलैत अंक डब्यात बंद केले तर तो ओलावा आतच कोंडला जातो, आणि थोडंसं जेल त्याला पुरं पडत नाही. गोव्यात हवा सगळ्यात कोरडी असते ती डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत अंक आठवडाभर सावलीत, वाऱ्याला मोकळे ठेवावेत आणि मग डबे लावावेत. आपल्याकडे पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी पावसाच्या तोंडावर एप्रिल-मेमध्ये होते. कागदाचं पुरुमेत त्याआधीच उरकलेलं बरं, कारण मे महिन्यात दमटपणा वाढायला लागलेला असतो.

डांबरगोळ्या डब्यात टाकू नका. त्यांची वाफ माणसाला अपायकारक, आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. उन्हात वाळवणं हा आपला आवडता उपाय छापील रंगांना घातक आहे. लाल आणि पिवळा आधी उडतात आणि निळसर, मेलेलं मुखपृष्ठ हातात राहतं.

काय जमवायचं

सगळं जमवायचं ठरवलं तर दोन वर्षांत घर भरतं आणि संग्रह होत नाही. एक धागा धरा. एखादा चित्रकार, एखादं मासिक, एखादं दशक किंवा एकच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ ‘१९५० ते १९६० मध्ये मराठी अक्षरलेखन कसं बदललं?’ धागा असला की समोर आलेल्या दहा अंकांतले नऊ सोडून देता येतात.

परदेशी मासिकांतली काही नावं मात्र ओळखीची हवीत. ‘ग्राफिस’बद्दल वर आलंच. ते जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा तीन भाषांत असे, अंक बऱ्याच संख्येने छापले गेले आणि मुंबईतही आले, त्यामुळे नवशिक्याने इथून सुरुवात करावी. ‘गेब्राउख्सग्राफिक’ हे त्याहून जुनं. १९२४ साली बर्लिनमध्ये निघालं, महायुद्धात बंद पडलं आणि १९५० मध्ये म्युनिकहून पुन्हा सुरू झालं. लंडनहून हर्बर्ट स्पेन्सर ‘टायपोग्राफिका’ काढत. १९४९ ते १९६७ या काळात १६-१६ अंकांच्या दोन मालिका झाल्या. त्यातल्या अंकांमध्ये मधेच वेगळ्या कागदाची, वेगळ्या आकाराची पानं घातलेली असत. ती पानं गळाली असतील तर अंक अर्धाच समजा. जपानचं ‘आयडिया’ १९५३ पासूनचं.

‘नोये ग्राफिक’ची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. १९५८ ते १९६५ या सात वर्षांत झुरिकच्या चार डिझायनरांनी ते चालवलं: योसेफ म्युलर-ब्रोकमान, रिचर्ड पॉल लोझे, हान्स नॉयबुर्ग आणि कार्लो विवारेल्ली. क्रमांक १८, शेवटचा १७/१८ असा जोडअंक. आज जगभरच्या डिझाइन कॉलेजांत शिकवली जाणारी ‘ग्रिड’ची, म्हणजे उभ्या-आडव्या रेषांच्या चौकटीवर पान रचण्याची, शिस्त या अंकांच्या पानापानांत दिसते. तीन भाषांतला मजकूर स्तंभांत इतका नेटका लावलेला की भाषा येत नसली तरी रचना वाचता येते. मूळ अंक महाग आहेत आणि दुर्मिळही. २०१४ मध्ये लार्स म्युलर यांच्या प्रकाशनाने सगळ्या अंकांची हुबेहूब आवृत्ती काढली. अभ्यासासाठी ती घ्यावी, यात कमीपणा काही नाही. फक्त तिचा सुटा अंक कुणी मूळ म्हणून विकत असेल तर ओळखता यायला हवा. कसं, ते पुढे येईल.

अमेरिकेतलं ‘पोर्टफोलिओ’ अलेक्सी ब्रोडोविच यांनी सजवलेलं, १९५० आणि १९५१ मिळून तीनच अंक. ते विकत घेण्याच्या नादी नवशिक्याने लागू नये. पाहायला मिळालं तर भाग्य समजावं.

भारतातल्या इंग्रजी नियतकालिकांत ‘मार्ग’ हवं. १९४६ साली मुल्कराज आनंद यांनी ते मुंबईत सुरू केलं. वास्तुकला आणि कला हा त्याचा विषय, पण मांडणी पाहण्यासारखी. पतवंत सिंग यांचं ‘डिझाइन’ १९५७ चं. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ पुष्कळ मिळतं, आणि लोटलीच्या मारिओ मिरांडांची रेखाटनं शोधायची तर त्याला पर्याय नाही. अमेरिकी दूतावासाचं ‘स्पॅन’ १९६० मध्ये सुरू झालं. ते अजूनही स्वस्तात हाती लागतं, छपाई नीटस, आणि हात बसवण्यासाठी उत्तम.

गोव्यापुरता आणखी एक दरवाजा उघडा आहे, ज्याकडे मुंबई-पुण्याचे संग्राहक फारसे वळत नाहीत. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राज्य होतं, तेव्हा पोर्तुगीज छापील साहित्य जुन्या घरांत निघू शकतं. लिस्बनचं ‘पानोरामा’ १९४१ मध्ये सुरू झालं. कला आणि पर्यटन हा विषय, सरकारी प्रचाराचं मासिक, पण चित्रकार पहिल्या दर्जाचे. ‘आल्मानाक’ हे १९५९ ते १९६१ एवढंच चाललं, आणि त्याची सजावट सेबास्तियांव रोद्रिगिश यांची. पोर्तुगालमधल्या आधुनिक ग्राफिक डिझाइनचा उल्लेख त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. ही दोन नावं वहीत लिहून ठेवा. रद्दीत ‘पोर्तुगीज आहे, कोण वाचणार’ म्हणून बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यात आधी हात घाला.

आणि मराठी. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची, पण आपल्या विषयाचा खजिना १९४५ नंतरचा. ‘दीपावली’, ‘मौज’, ‘सत्यकथा’, ‘किर्लोस्कर’, ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘आवाज’ ही सगळी नावं घरात ऐकलेलीच असतील. नवशिक्याची चूक अशी होते की तो मुखपृष्ठावरची देखणी बाई पाहून अंक घेतो आणि आतल्या जाहिराती चाळतही नाही. केसांची तेलं, साबण, कापडगिरण्या, छपाईची शाई, छपाईचे ठसे बनवणारे ब्लॉकमेकर यांच्या जाहिरातींत देवनागरी अक्षरांचे जे प्रयोग झाले ते दुसरीकडे कुठेही एकत्र सापडत नाहीत. त्या अक्षरांखाली बहुधा कुणाची सहीही नाही. ज्यांची नावं कुठेच नोंदली गेली नाहीत अशा कलाकारांचं काम एवढंच उरलं आहे, आणि दर वर्षी त्यातलं काही रद्दीच्या गाडीतून कागदगिरणीला जातं. मला या संग्रहाची तळमळ वाटते ती यासाठी.

विकत घेण्याआधी पाहा

पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मूळ संस्था १८३२ ची, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचा आणि नियतकालिकांचा मोठा साठा आहे. ओळखपत्र घेऊन जा, काउंटरवरच्या माणसांना नेमकं काय हवंय ते वर्षासकट सांगा, आणि पेन घरी ठेवून पेन्सिल न्या. कागदाचा रंग, जाडी, अंकाचा आकार, पानांचा क्रम हे एकदा हाताखालून गेलं की बाजारात फसगत कमी होते. आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात ओळख असेल तर तिथल्या ग्रंथालयातही पाहण्याची परवानगी मागून बघावी.

गोव्यात शोधायचं कुठे

रद्दीवाला हा तुमचा पहिला माणूस. तो वजनावर घेतो आणि वजनावर विकतो, त्यामुळे अंकाच्या वयाशी त्याला देणंघेणं नसतं. त्याच्याकडे जाऊन गठ्ठे उपसत बसण्यापेक्षा त्याच्याशी ठरवून घ्या: ‘मामा, चित्रांचे जुने अंक आले की बाजूला ठेवा, वजनाच्या भावापेक्षा जास्त देतो.’ दर अंकामागे ठरलेली रक्कम द्या, नको असलेले अंकही अधूनमधून घ्या, आणि घासाघीस करू नका. त्याने फोन करायचं लक्षात ठेवलं पाहिजे, बाकी काही नाही.

वेळही साधावी लागते. चवथीआधी घरं झाडली जातात, माळ्यावरचं सामान खाली येतं. श्रावणात रद्दीच्या दुकानात जे येतं ते मार्चमध्ये येत नाही. दुसरी वेळ दिवाळीआधीची. वाड्यावाड्यांवर पोरं नरकासुर बनवतात, त्यासाठी गवताबरोबर कागदही लागतो, आणि तो शेजारपाजारच्या घरांतूनच मागून आणलेला असतो. पोरांना आजची वर्तमानपत्रं नेऊन द्या आणि त्यांच्या ढिगातून जुने अंक मागून घ्या. ती आनंदाने देतात.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जुन्या वस्तूंसाठी फिरण्यासारखा आहे. अंक क्वचित मिळतो, पण जुन्या वस्तू विकणाऱ्यांशी ओळख होते, आणि घर रिकामं होतंय ही बातमी त्यांनाच आधी कळते.

गावोगावची वाचनालयं हा वेगळा विषय. जागा नाही म्हणून जुनी नियतकालिकं काढून टाकायचं ठरतं तेव्हा समितीला भेटा, घ्यायचे अंक रीतसर किंमत देऊन घ्या आणि पावती मागा. शिक्का असलेला अंक पावतीशिवाय घरात असणं बरं नव्हे. वाचनालय अंक टाकत नसेल, नुसते पडून असतील, तर ते विकत मागण्याऐवजी नीट ठेवायला मदत करा.

परदेशी मासिकांचा माग वेगळ्या वाटेने काढावा लागतो. ती भारतात आली मुख्यतः मुंबईच्या जाहिरात कंपन्यांमधून आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. जे. जे.त कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला, १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. गोव्याची कितीतरी मुलं तिथे शिकली, मुंबईत कंपन्यांतून नोकऱ्या केल्या आणि निवृत्तीनंतर गावी परतली. ‘ग्राफिस’चा गठ्ठा गोव्यात असेल तर अशा घरात. तेव्हा ‘जुनी मासिकं आहेत का?’ असं विचारण्याऐवजी ‘तुमच्याकडे कुणी मुंबईला जाहिरातीत काम करत होतं का?’ असं विचारा. उत्तरं बदलतात.

कुणाच्या घरी बोलावणं आलं तर एक पथ्य पाळा. अंकांच्या मध्ये पत्रं, फोटो, मूळ चित्रं, कच्ची रेखाटनं सापडतात. ती न सांगता उचलायची नाहीत. मूळ चित्र म्हणजे छापील अंक नव्हे. त्याची किंमत आणि महत्त्व दोन्ही घरच्यांना सांगा. गोवा लहान आहे, तुमचं नाव तुमच्या आधी पुढच्या घरी पोचतं.

मुंबईला जाणं झालं तर फाउंटनच्या आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरचे पुस्तकवाले आहेत. तिथे अंकांची किंमत विक्रेत्याला ठाऊक असते, त्यामुळे घबाड मिळण्याची आशा न ठेवता यादीतला नेमका अंक शोधायला जावं.

अंक हातात आला की

घाई न करता बसून तपासा. आधी पानं मोजा. क्रमांक सलग आहेत का, मधलं जोडपान पिनेतून सुटलंय का, कुणी कूपन किंवा चित्र कापून घेतलंय का. मराठी अंकांत मधलं रंगीत चित्र अनेकदा चौकटीत जाऊन भिंतीवर लागलेलं असतं, तेव्हा अनुक्रमणिकेत चित्रांची यादी असेल तर ती ताडून पाहा.

बांधीव खंड दिसला की मोह होतो. वर्षाचे बारा अंक एका पुठ्ठ्यात, वर सोनेरी अक्षरं. पण बाइंडर बहुधा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकत आणि कडा कापून समान करत. वाचणाऱ्याला त्याने फरक पडत नव्हता. आपल्यासाठी मात्र जे हवं तेच गेलेलं असतं. मुखपृष्ठं आत शाबूत असतील तरच खंड घ्या.

मग छपाईची ओळ शोधा. १८६७ च्या कायद्याने भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर, नियतकालिकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण देणं बंधनकारक होतं. ही ओळ बारीक अक्षरांत शेवटच्या पानाच्या तळाशी किंवा अनुक्रमणिकेखाली असते. मुखपृष्ठ फाटलेल्या अंकाची ओळख तिथून पटते. काही परदेशी अंकांवर महिना नसतो, फक्त क्रमांक असतो. तोच नोंदवा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ हवं. मुखपृष्ठावर ते धरलं की छपाईची पद्धत दिसते. लेटरप्रेसवर, म्हणजे उठावाचा ठसा कागदावर दाबून, ब्लॉकने छापलेल्या ठिपक्यांच्या आणि अक्षरांच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार दिसते, आणि पानाच्या मागून बोट फिरवलं तर कधी कधी ठसा लागतो. ऑफसेटचे, म्हणजे सपाट पत्र्यावरून रबरामार्फत छापलेले, ठिपके सपाट, कडा मऊ. आजच्या इंकजेटवर काढलेल्या प्रतीत ठिपक्यांची शिस्तशीर जाळीच नसते, रंगाचा बारीक शिडकावा असतो. जुन्या मुखपृष्ठांच्या प्रती ‘मूळ’ म्हणून विकल्या जातात तेव्हा भिंग एका नजरेत निकाल देतं.

दुसरं साधन अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चकाकीची रसायनं साधारण १९५० नंतर कागदात येऊ लागली. ‘१९४६ चा अंक’ अंधारात टॉर्चखाली झगझगीत निळा दिसला तर परत करा. १९५० नंतरच्या अंकांबाबत एवढ्यावर निकाल देता येत नाही. तिथे भिंग, कागदाचा वास आणि पिनांचा गंज एकत्र पाहा. अर्धशतकाहून जुन्या अंकाच्या पिना चकचकीत असतील तर त्या का, हे विचारायलाच हवं.

तांबूस ठिपके असलेला अंक घ्यायला हरकत नाही, ते डाग सहसा स्थिर असतात. पण लवदार, बोट लावल्यावर पसरणारी बुरशी असेल तर अंक कितीही दुर्मिळ असो, घरातल्या बाकीच्या संग्रहाशेजारी नेऊ नका.

ऑनलाइन खरेदीत इंग्रजी वर्णनांचा अर्थ समजून घ्या. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात ‘गुड’ म्हणजे चांगला नव्हे, बराच वापरलेला. ‘व्हेरी गुड’ला किरकोळ दोष असतात, ‘फाइन’ म्हणजे जवळजवळ नव्यासारखा. ‘एक्स-लायब्ररी’ म्हणजे शिक्के, चिठ्ठ्या, कधी कापलेले कोपरे. कणा, पिना आणि मधलं पान यांचे फोटो मागा. किंमत ठरवताना लोक काय मागताहेत ते न पाहता खरोखर किती रुपयांना विकलं गेलं ते पाहा. परदेशातून मागवताना सीमाशुल्क किती लागेल ते आधी विचारून घ्या, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत पार्सल मागवूच नका. मागवावंच लागलं तर आतून प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणि दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये बांधायला सांगा.

घरी आणल्यावर

नवा अंक थेट डब्यात जात नाही. आधी तो वेगळ्या पिशवीत काही दिवस ठेवून निरीक्षण करा. भुसा, बारीक काळे कण, कुरतडलेल्या कडा दिसल्या तर कसर किंवा झुरळं आहेत. कसरीला आर्टपेपरवरचा लेप आणि खळ दोन्ही आवडतात. अशा वेळी घरचा डीप फ्रीझर कामी येतो. अंक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घट्ट बंद करा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका. हवेतलं पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला जमलं पाहिजे, कागदावर नव्हे. किडे आणि अंडी याने मरतात. बुरशी मात्र मरत नाही, फक्त झोपते.

वाळलेली बुरशी साफ करायची तर कोरड्या महिन्यांत, उघड्या व्हरांड्यावर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने घराबाहेरच्या दिशेला झटका. ओलं फडकं कधीही नाही.

पिना गंजल्या असतील तर त्या मागच्या बाजूने बोथट सुरीने हलकेच सरळ करून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याने अंक शिवा. गोव्याच्या हवेत ही दुरुस्ती टाळू नये, कारण गंज पिनेपुरता थांबत नाही, भोवतीचा कागद जाळत जातो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन मात्र वर्ज्य. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशवीत ठेवा. नव्या रेनकोटसारखा वास येणारं पीव्हीसी टाळा, ते कालांतराने शाईला चिकटतं. पिनेचे पातळ अंक आडवे, वीतभर उंचीच्या थप्पीत. जाड कण्याचे अंक उभे चालतात.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कौल फुटलं, पाणी आलं, आर्टपेपरचा अंक भिजला, तर तो मिटलेला वाळू द्यायचा नाही. त्या कागदावरचा मातीचा लेप ओला झाला की गोंदासारखा वागतो आणि वाळताना सगळी पानं एकमेकांना कायमची चिकटतात. भिजलेला अंक तसाच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या अवस्थेत तो सुरक्षित आहे. मग शांतपणे जाणकाराला विचारता येतं. एकच अंक असेल आणि तुम्ही घरी असाल तर पानापानांत न चिकटणारा बेकिंगचा सिलिकॉन कागद घालून पंख्याखाली, पानं पुन्हा पुन्हा सोडवत वाळवा. साध्या वर्तमानपत्री कागदावरचे अंक याबाबतीत सोशिक असतात, ते टीपकागदात दाबून वाळवता येतात.

नोंद आणि वाटून घेणं

पहिल्या अंकापासून वही किंवा स्प्रेडशीट ठेवा: नाव, क्रमांक, महिना-वर्ष, मुखपृष्ठकार, मुद्रक, पानं, घातलेली जादा पानं, स्थिती, कुठून आणि कितीला घेतला. मराठी अंकांसाठी दोन रकाने वाढवा: मुखपृष्ठावर सही आहे का, आणि कोणत्या जाहिरातीतलं अक्षरलेखन पाहण्यासारखं आहे. दलालांची सही ओळखायला सोपी, इतरांच्या सह्यांचे फोटो एका ठिकाणी जमवत गेलात तर दोन-तीन वर्षांत बिनसहीची मुखपृष्ठंही हाताच्या वळणावरून ओळखू येऊ लागतात.

स्कॅन करून ठेवा, कणा फाकवून नव्हे तर वरून कॅमेऱ्याने. पण संपूर्ण अंक इंटरनेटवर चढवण्याआधी थांबा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. अभ्यासापुरतं एखादं मुखपृष्ठ, चित्रकाराच्या नावासह आणि अंकाच्या तारखेसह दाखवणं वेगळं, आणि पूर्ण अंकाची पीडीएफ वाटणं वेगळं.

यादीची छापील प्रत प्रत्येक डब्याच्या आत, सगळ्यात वर ठेवा, आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘रद्दी नव्हे. टाकण्याआधी यादी वाचा.’ त्याखाली तुमचा फोन नंबर, आणि तुमच्यानंतर अंक कोणत्या ग्रंथालयाला किंवा कुणाला द्यायचे ते नाव.